प्रवाळ मोजले, स्पंज राहिले

अमावास्येच्या ओहोटीला मालवणच्या किनाऱ्यावर पाणी खूप आत जातं आणि एरवी न दिसणारी खडपं उघडी पडतात. काही वर्षांपूर्वी अशाच एका पहाटे मी तिथल्या डबक्यांमधून फिरत होते. कालवं काढायला आलेल्या बायका आपापल्या जागा धरून बसल्या होत्या आणि त्यांची ठोकठोक सगळीकडून ऐकू येत होती. मी सहज एक धोंडा उलटा केला. वरची बाजू काळपट, शेवाळाने माखलेली, बघावंसं काही नव्हतं. खालच्या अंगाला मात्र नारिंगी, जांभळे, हळदीसारखे पिवळे पातळ थर एकमेकांना खेटून पसरले होते. बोट लावलं तर मऊ, ओलसर लागत होते, आणि नीट निरखलं तर प्रत्येक थरावर सुईने टोचल्यासारखी भोकं होती. हे स्पंज, खडकाला चिकटून राहणारे समुद्री प्राणी. मी बघतच राहिले. शेजारी बसलेल्या मावशींनी हातातलं काम न थांबवता मला सांगितलं, "धोंडो उलथलंस तर परत तसोच ठेव गो बाय. खालचा सगळा मरता."

प्रवाळभित्तींविषयी, म्हणजे प्रवाळांनी आपल्या सांगाड्यांतून समुद्रात उभ्या केलेल्या खडकांविषयी, जे धोरण ठरतं, जे अहवाल लिहिले जातात, ज्या परवानग्या दिल्या जातात, त्यांच्याबद्दल माझी तक्रार याच वाक्यात मावते. आपण धोंड्याच्या वरचं तेवढं बघतो. एखादी प्रवाळभित्ती निरोगी आहे की आजारी, हे एकाच आकड्यावरून सांगितलं जातं: तळाच्या किती टक्के भागावर जिवंत प्रवाळ आहेत. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१० आणि २०१६ साली समुद्र तापून प्रवाळ पांढरे पडले, आणि जिवंत प्रवाळाखालचं क्षेत्र गेल्या पाव शतकात जवळपास निम्म्यावर आलं. बातमी झाली ती या आकड्याची, आणि व्हायलाच हवी होती. पण प्रवाळभित्ती हे एक गाव आहे, आणि गावाची खानेसुमारी फक्त घरांच्या भिंती मोजून होत नाही. त्या गावाची चूल पेटती ठेवणारा एक मोठा वर्ग आपल्या मोजणीत धड येत नाही, कायद्यात जेमतेम येतो आणि परवानगीच्या कागदात तर दिसतच नाही. तो वर्ग म्हणजे स्पंज, आणि त्याला या तिन्ही ठिकाणी जागा मिळाली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

उष्ण कटिबंधातला समुद्र नितळ निळा दिसतो, फोटोत फार सुंदर दिसतो. पण तो निळा दिसतो कारण त्यात फारसं काही नसतं. नायट्रोजन, फॉस्फरस यांसारखी पोषकद्रव्यं तिथे इतकी कमी असतात की तरंगत्या सूक्ष्म वनस्पतींना पोसायलाही ती पुरत नाहीत. निळंशार पाणी म्हणजे उपाशी पाणी. आपल्या कोकणातलं पावसाळ्यानंतरचं हिरवट, गढूळ पाणी डोळ्यांना तितकं भावत नाही, पण मासळी तेच पिकवतं. मग त्या उपाशी पाण्यात मधोमध उभी असलेली प्रवाळभित्ती इतक्या जिवांना खायला कुठून घालते? वाळवंटात हिरवंगार शिवार दिसावं तसा हा प्रकार. चार्ल्स डार्विन १८३६ साली बीगल जहाजातून हिंदी महासागरातल्या कोकोस बेटांवर उतरला होता आणि १८४२ साली त्याने प्रवाळभित्तींच्या घडणीवर पुस्तक लिहिलं. त्याच्या नावावरून या कोड्याला आज 'डार्विनचा विरोधाभास' म्हणतात.

कोड्याचा अर्धा भाग बराच आधी सुटला होता. प्रवाळाच्या शरीरात सूक्ष्म शैवालं राहतात, ती सूर्यप्रकाशावर साखर तयार करतात आणि तिचा मोठा वाटा यजमानाला देतात. पण प्रवाळ मिळालेलं सगळं स्वतःकडे ठेवत नाही. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवरच्या हेरॉन बेटाजवळ केलेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की, शैवालांनी दिलेल्या कार्बनपैकी निम्म्यापर्यंत कार्बन प्रवाळ बुळबुळीत स्रावाच्या रूपात बाहेर टाकतं, आणि त्या स्रावाचा अर्ध्याहून जास्त भाग पाण्यात विरघळून जातो. समुद्री शेवाळंही असंच बरंच काही पाण्यात सोडत असतात. म्हणजे या गावची मिळकत मोठी आहे, पण ती पाण्यात साखर विरघळावी तशी विरघळलेली. खेकड्याला ती चिमट्यात धरता येत नाही आणि माशाला तोंडात घेता येत नाही. प्रवाहाबरोबर ती खुल्या समुद्रात निघून जायला हवी, आणि तशी गेली असती तर प्रवाळभित्ती केव्हाच उपाशी मेली असती. सूक्ष्म जिवाणू त्यातलं काही पकडतात हे माहीत होतं, पण तेवढ्याने हिशेब जुळत नव्हता.

उरलेला अर्धा भाग ज्याच्यामुळे सुटला, त्या प्राण्याशी डार्विनची तरुणपणीच ओळख व्हावी, असा योग होता. १८२६-२७ साली तो एडिंबरोमध्ये वैद्यकीचं शिक्षण घेत असताना रॉबर्ट ग्रँट या प्राणिशास्त्रज्ञाच्या सहवासात होता. दोघं मिळून समुद्रकाठच्या खडकांवर जीव गोळा करत. त्याच्या आदल्याच वर्षी ग्रँटने स्पंजाचा जिवंत तुकडा समुद्राच्या पाण्यात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता आणि त्याच्या मोठ्या छिद्रातून पाण्याचा लोट कारंज्यासारखा सतत बाहेर पडताना त्याला दिसला होता. तोवर स्पंज वनस्पती की प्राणी हे धड ठरलेलं नव्हतं. ग्रँटने ते प्राणी असल्याचं दाखवलं आणि या साऱ्या गटाला पोरिफेरा, म्हणजे छिद्रं वाहणारे, हे नाव दिलं. गुरूने स्पंजाचं कारंजं पाहिलं, शिष्याने प्रवाळभित्तीची घडण उलगडली, आणि या दोन गोष्टींची गाठ पडायला पुढे पावणेदोनशे वर्षं गेली.

ते कारंजं चालतं कसं, हे थोडं जवळून बघू. स्पंजाला तोंड नाही, पोट नाही, हृदय नाही, मज्जातंतू नाहीत. अंगभर बारीक छिद्रं, आत फाटे फुटलेल्या नळ्या आणि नळ्यांमध्ये लहान लहान कोठड्या. कोठड्यांच्या भिंतींवर गळपट्टीसारखी कॉलर असलेल्या पेशी, आणि प्रत्येक पेशीला एक हलतं शेपूट. अशी असंख्य शेपटं सतत वळवळत राहतात आणि पाणी आत ओढलं जातं, गाळलं जातं, मोठ्या छिद्रातून बाहेर फेकलं जातं. पाणबुडे हे दाखवायला एक साधा प्रयोग करतात. पिंपासारख्या स्पंजाच्या बुडाशी चमकता हिरवा रंग सोडायचा. काही क्षणांतच तो रंग वरच्या तोंडातून गुऱ्हाळाच्या धुराड्यातल्या धुरासारखा वर येऊ लागतो. आपल्या आकारमानाच्या हजारो पट पाणी स्पंज एका दिवसात उपसू शकतो. त्याला जागचं हलता येत नाही, पण सगळा समुद्र त्याच्या घरातून वाहून जातो.

पाणी गाळून त्यातलं अन्न खाण्याची ही स्पंजाची रीत. हेन्री राइसविग या शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला जमैकाच्या किनाऱ्यावर या खाण्याचा काटेकोर हिशेब मांडला. आत जाणाऱ्या पाण्यात काय आहे आणि बाहेर येणाऱ्या पाण्यात काय उरलं, हे ताडून पाहिलं. तेव्हा लक्षात आलं की, सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारं अन्न मोजून स्पंजाचा खर्च भागत नाही. तो दुसरंही काहीतरी खात होता, जे दिसत नव्हतं.

मग प्रश्न आला, स्पंज आहेत तरी किती? वरून पाहिलं तर प्रवाळ आणि शेवाळच नजरेत भरतात. क्लाउडिओ रिख्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तांबड्या समुद्रात एक वेगळी वाट धरली. डॉक्टर आपल्या जठरात नळीचा कॅमेरा घालतात, तसा त्यांनी प्रवाळभित्तीच्या भेगांमध्ये आणि पोकळ्यांमध्ये घातला. २००१ साली 'नेचर'मध्ये आलेल्या त्यांच्या लेखाने सगळ्यांची नजर खाली वळवली. भित्तीच्या पोटात पोकळ्यांचं जाळं आहे, त्या पोकळ्यांच्या भिंतींचं क्षेत्रफळ वरच्या उघड्या पृष्ठभागाच्या कित्येक पट आहे, आणि त्या भिंती स्पंजांनी दाट झाकलेल्या आहेत. मालवणच्या धोंड्याखालचे नारिंगी-जांभळे थर आठवा आणि ते एका अख्ख्या डोंगराच्या प्रत्येक भेगेत पसरलेत अशी कल्पना करा.

पुढचं काम झालं कॅरिबियन समुद्रातल्या कुरासाव बेटाजवळ. यास्पर द खूई आणि त्यांच्या डच सहकाऱ्यांनी पोकळ्यांमध्ये राहणाऱ्या पातळ थराच्या स्पंजांचा पाठपुरावा केला. हॅलिसार्का सेरुलिया नावाच्या निळसर स्पंजाचं जवळजवळ सगळं खाणं विरघळलेल्या स्वरूपाचं निघालं. तो दिवसाकाठी इतका कार्बन खातो की काही दिवसांत तो दुप्पट व्हायला हवा, पण तो वाढताना दिसत नाही. मग खाल्लेलं जातं कुठे? २००९ साली उत्तर मिळालं. त्याच्या त्या कॉलरवाल्या पेशी साधारण सहा तासांत विभागून नव्या होतात आणि जुन्या गळून पडतात. आपल्या आतड्याचं अस्तर तीन-चार दिवसांत बदलतं आणि तेच आपल्याला झपाट्याचं वाटतं. इथे दिवसातून अनेकदा कात टाकली जाते. गळालेल्या पेशींचा चुरा पाण्याबरोबर बाहेर येऊन तळावर बसतो. पुढे त्यांनी विरघळलेल्या अन्नाला जड कार्बन आणि जड नायट्रोजन यांची खूण लावली, ते स्पंजांना खाऊ घातलं आणि खूण कुठे कुठे पोचते ते शोधलं. ती आधी स्पंजाच्या शरीरात सापडली, मग त्याने टाकलेल्या चुऱ्यात आणि अखेर तो चुरा खाणाऱ्या लहान जिवांच्या अंगात. या जिवांना मोठे जीव खातात, मोठ्यांना मासे खातात. ४ ऑक्टोबर २०१३ च्या 'सायन्स'मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला. स्पंजांच्या या फेऱ्यातून फिरणारं अन्न अख्ख्या प्रवाळभित्तीच्या एकूण प्राथमिक उत्पादनाच्या, म्हणजे तिथे सूर्यप्रकाशावर तयार होणाऱ्या सगळ्या अन्नाच्या, जवळपास जातं, असा त्यांचा अंदाज होता.

हे समजून घ्यायला आपल्याकडच्या माणसाला प्रयोगशाळेची गरज नाही. शेतकऱ्याच्या घरामागे उकिरडा असतो. गोठ्यातलं शेण, चुलीतली राख, पालापाचोळा, जे हातातून निसटून वाया गेलं असतं ते तिथे साठतं, कुजतं आणि वर्षाने शेतात जातं. ज्या शेतकऱ्याचा उकिरडा मोठा त्याचं शिवार काळंभोर, हे जुनी माणसं सांगत. आडवाटेच्या त्या ढिगाकडे पाहुणा नाक दाबून बघतो, पण घरधन्याला त्याची किंमत ठाऊक असते. प्रवाळभित्तीच्या भेगांमधले स्पंज हेच काम करतात. विरघळून वाहून जाणारी मिळकत धरतात आणि गावाला खाता येईल अशा रूपात परत वाटतात. बारा वर्षांनी उकिरड्याचंही दैव पालटतं म्हणतात. २०१३ ला बारा वर्षं होऊन गेली. स्पंजांचं दैव कागदोपत्री अजून पालटलेलं नाही.

कायद्यापासून सुरुवात करते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचींमध्ये २००१ साली अनेक समुद्री जीव आले. भित्ती बांधणारे प्रवाळ, काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ, फायर कोरल आणि समुद्रपंखे हे सगळे पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीला. हे अतिशय योग्य झालं. त्याच वेळी स्पंजही आले, पण तिसऱ्या अनुसूचीत, आणि तेही फक्त चुनखडी सांगाड्याचे. जगात स्पंजांच्या नऊ हजारांहून जास्त जाती नोंदल्या गेल्या आहेत. त्यांतल्या पाचपैकी चारांहून अधिक डेमोस्पंज या वर्गातल्या आहेत, आणि चुनखडी स्पंजांचा वर्ग त्या मानाने अगदी छोटा. कुरासावच्या पोकळ्यांमध्ये राबणारा तो निळसर हॅलिसार्का डेमोस्पंज आहे. तांबड्या समुद्रापासून कॅरिबियनपर्यंत ज्यांनी हा फेरा चालवल्याचं दाखवलं गेलं, ते डेमोस्पंजच. म्हणजे कायद्याने स्पंज हा शब्द लिहिला, पण जे काम करतात त्यांना वगळून. २००१ साली हे संशोधन झालेलं नव्हतं, त्यामुळे तेव्हा यादी करणाऱ्यांना मी दोष देत नाही. पण २०२२ साली या कायद्यात मोठी दुरुस्ती होऊन अनुसूची सहाच्या चार झाल्या, तेव्हा हे संशोधन जगासमोर येऊन नऊ वर्षं झाली होती. प्रवाळभित्तीचा विचार सुटे सुटे जीव म्हणून करायचा की एकत्र चालणारं काम म्हणून करायचा, हा प्रश्न त्या वेळी ऐरणीवर यायला हवा होता.

आता परवानग्यांकडे येते. २०२० च्या अखेरीस मुंबईच्या किनारी रस्त्याच्या कामासाठी वरळी आणि हाजी अली इथल्या १८ प्रवाळ वसाहती उचलून दुसरीकडे नेण्यात आल्या. ते पहिल्या अनुसूचीतले जीव, म्हणून वनखात्याची परवानगी लागली, शास्त्रज्ञ आले, वसाहतींची मोजमापं झाली. मुंबईचे प्रवाळ खडकांवर विखुरलेले आहेत, तिथलं पाणी गढूळ आहे आणि उपाशी तर मुळीच नाही. कुरासावचा हिशेब तिथे जसाच्या तसा लावता येणार नाही, हे मला मान्य आहे. मला खटकते ती विचाराची पद्धत. कायद्यात नाव आहे म्हणून प्रवाळ मोजायचा, खरवडून उचलायचा, दुसऱ्या खडकाला चिकटवायचा आणि भरपाई झाली म्हणून नोंद करायची. प्रवाळाची वसाहत एकवेळ हलवता येते. खडकाच्या भेगा, त्यांतली सावली, त्या सावलीत वर्षानुवर्षं पसरलेला स्पंजांचा थर आणि त्यावर जगणारे खेकडे, किडे, गोगलगायी, यांतलं काहीच हलवता येत नाही. उद्या खऱ्या प्रवाळभित्तीजवळ बंदर, धक्का किंवा धावपट्टी बांधायची वेळ आली की हाच मुंबईचा दाखला पुढे केला जाईल. तेव्हा मांडल्या जाणाऱ्या हिशेबात स्पंजांची ओळ आत्तापासून असली पाहिजे. शिवाय अशा कामांमध्ये तळ उकरल्यामुळे जो गाळ उठतो, तो स्पंजांच्या मुळावर येतो. ज्याचं सगळं आयुष्य बारीक छिद्रांतून पाणी ओढण्यात जातं, त्याच्यासाठी गाळ म्हणजे नाकातोंडात माती.

स्पंज गेले तर काय होतं, हे एका ठिकाणी लोकांनी भोगून पाहिलंय. अमेरिकेतल्या फ्लोरिडाच्या उपसागरात १९९१ नंतर सूक्ष्म निळ्या-हिरव्या जिवांची भरमार झाली, पाणी महिनोन् महिने गढूळ राहिलं आणि शेकडो चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात स्पंज मेले. तिथे काटेरी शेवंडांची पिल्लं मोठ्या स्पंजांच्या आडोशाला वाढतात. त्यांचा निवारा गेला. स्पंजांच्या नळ्यांमध्ये राहून टिचक्या वाजवणारी कोळंबी गेली आणि समुद्राचा तळ ऐकू येईल इतका शांत झाला. पाण्याखाली ध्वनिमापक सोडून संशोधकांनी ही शांतता मोजली आहे. आता तिथे स्पंजांचे तुकडे करून, ते ठोकळ्यांना बांधून पुन्हा लावण्याची कामं चालू आहेत. एखादं रान तोडल्यावर रोपं लावायला जावं तसं. आपण ती वेळ येऊ देण्याआधीच जागं व्हावं, एवढंच माझं मागणं आहे.

यावर जाणकारांचे आक्षेप आहेत आणि ते हलके नाहीत.

पहिला आक्षेप, स्पंज प्रवाळाचे शत्रूही आहेत. खरं आहे. क्लायोना वंशातले स्पंज प्रवाळाचा सांगाडा पोखरतात, लाकडाला भुंगा लागावा तसे. गोव्याजवळच्या ग्रँड बेटाच्या प्रवाळांवर असा एक स्पंज सापडला आणि २०१९ साली क्लायोना थॉमसी या नावाने तो नवी जात म्हणून नोंदला गेला. तमिळनाडूच्या पाल्कच्या उपसागरात टर्पिओस नावाचा काळा पातळ स्पंज जिवंत प्रवाळांवर पसरून त्यांना गुदमरवताना दिसला आहे. दुसरा आक्षेप याहून मूलगामी आहे. उत्तर कॅरोलिना विद्यापीठाच्या विल्मिंग्टन केंद्रातले जोसेफ पॉलिक आणि त्यांचे सहकारी म्हणतात की, कॅरिबियनमधल्या मोठ्या पिंपासारख्या स्पंजांवर प्रयोग केले तेव्हा ते विरघळलेलं अन्न घेताना दिसले, पण तो चुरा काही टाकताना दिसले नाहीत. म्हणजे कुरासावच्या पातळ थरांवरून सगळ्या स्पंजांबद्दल बोलणं घाईचं ठरेल. त्यापुढे जाऊन ते एका दुष्टचक्राची शक्यता मांडतात. प्रवाळ मेले की जागा शेवाळाला मिळते, शेवाळ पाण्यात साखर सोडतं, ती खाऊन स्पंज वाढतात, स्पंज पाण्यात पोषकद्रव्यं सोडतात, त्यावर शेवाळ आणखी फोफावतं आणि नव्या प्रवाळाला बसायला जागाच राहत नाही.

हे आक्षेप मी मनापासून गांभीर्याने घेते, आणि त्यांच्यामुळेच माझं म्हणणं आणखी पक्कं होतं. स्पंज सगळीकडे उपकारकच आहेत असा माझा दावा नाही. स्पंज ताकदवान आहेत, हा माझा दावा आहे. ते एका ठिकाणी गावाचं पोट भरतात आणि दुसऱ्या ठिकाणी गावाचा ताबा घेतात. जो जीव इतकं करू शकतो, तो नोंदीबाहेर ठेवून चालेल कसं? लक्षद्वीपच्या एखाद्या भित्तीवर प्रवाळ निम्म्याने घटले, तर मला त्यापुढचं जाणून घ्यायचंय. मोकळ्या झालेल्या जागेत कोण आलं? पोखरणारे क्लायोना वाढले का? भेगांमधले पातळ थर टिकले, की वरची भित्ती कोसळल्यावर उन्हात आणि गाळात मेले? पांढऱ्या पडलेल्या भित्तीवर दहा वर्षांनी पुन्हा प्रवाळ रुजतील की शेवाळ, याचा अंदाज बांधायला ही माहिती हवी. आज जिथे तळाच्या पाहणीत स्पंजांची नोंद होते, तिथेही सगळे स्पंज मिळून एकच रकाना असतो. पोखरणारा, पोसणारा आणि पिंपासारखा उभा राहणारा, तिघांना एकाच पिशवीत भरायचं आणि वरून घेतलेल्या फोटोत दिसतील तेवढेच भरायचे. त्या रकान्यातला आकडा वाढला काय आणि घटला काय, त्यावरून काहीच कळत नाही.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा. स्पंज ओळखणारी माणसं देशात मोजकी आहेत. जात ठरवायची तर तुकडा कापून, आम्लात विरघळवून, उरलेल्या सूक्ष्म सुया सूक्ष्मदर्शकाखाली बघाव्या लागतात. हे किचकट आहे, पण नियमित पाहणीला प्रत्येक जातीचं नाव लागत नाही. पातळ थराचे, उभे वाढणारे आणि पोखरणारे, एवढे तीन भाग वेगळे नोंदले तरी चित्र पालटेल, आणि हे तीन भाग थोड्या सरावाने कुणाही प्रशिक्षित पाणबुड्याला ओळखता येतात. भेगांमध्ये बघायला आता बारीक कॅमेरे स्वस्तात मिळतात, प्लंबरही गटाराच्या नळीत घालतो. जगभर वापरली जाणारी आणखी एक सोपी रीत आहे. प्लास्टिकच्या चौकोनी पट्ट्या एकावर एक, मध्ये फटी ठेवून बांधायच्या, तो संच प्रवाळभित्तीजवळ तळाला घट्ट बसवायचा आणि एक ते तीन वर्षांनी काढायचा. फटींमधून अंधारात राहणारे जीव आपसूक येऊन वसतात. पट्ट्या सुट्या केल्या की तिथल्या धोंड्याखालचं जग जसंच्या तसं टेबलावर उघडतं, आणि त्यासाठी एकही खरा धोंडा उलटा करावा लागत नाही.

महाराष्ट्राच्या दृष्टीने या गोष्टीला एक वेळ साधून आली आहे. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली झालं. सुमारे २९ चौरस किलोमीटरचं ते क्षेत्र आज पर्यटकांच्या बोटींनी गजबजलेलं असतं, आणि तिथे आधीची स्थिती काय होती हे आता मागे जाऊन मोजता येणार नाही. पण कोकण किनाऱ्यापासून शंभर किलोमीटरहून आत खुल्या समुद्रात आंग्रिया बँक आहे. कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं हे बुडालेलं पठार, माथा पाण्याखाली साधारण वीस मीटरवर, वर नितळ पाणी आणि पठारावर प्रवाळ. किनाऱ्यापासून लांब असल्यामुळे ते आजवर बरंचसं वाचलं. त्याला संरक्षण द्यावं ही मागणी अनेक वर्षं होते आहे आणि माझा तिला पूर्ण पाठिंबा आहे. कुरासावसारखं निळं, उपाशी पाणी आपल्या वाट्याला कुठे असेल तर ते तिथे. तिथल्या भित्तीचं पोट कोण भरतं, हा हिशेब तिथे मांडण्याजोगा आहे, आणि पहिली पाटी कोरी असताना मांडला तरच पुढच्या पिढीला त्याचा उपयोग.

म्हणून आंग्रिया बँकेचा जो आराखडा होईल, त्यात जिवंत प्रवाळाच्या टक्केवारीशेजारी भेगांमधल्या स्पंजांची नोंद पहिल्या दिवसापासून असावी. पट्ट्यांचे संच पहिल्याच मोहिमेत खाली सोडावेत. प्रवाळ असलेल्या जागी बांधकामाला परवानगी मागणाऱ्या प्रत्येक पर्यावरण अहवालात खडकाच्या खालच्या अंगाची पाहणी सक्तीची करावी, आणि प्रवाळ हलवला म्हणून त्या जागेचं नुकसान भरून निघालं असं लिहायला बंदी असावी. डेमोस्पंजांपैकी ज्या जाती भित्ती पोसतात त्या शोधून, त्यांना नावानिशी अनुसूचीत घ्यावं. या कामाला माणसं लागतील, तर रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्यातल्या महाविद्यालयांमध्ये प्राणिशास्त्र शिकणारी मुलं आहेत, ज्यांची घरं खडपांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. त्यांच्या आज्या-मावश्यांना कुठल्या धोंड्याखाली काय राहतं हे पाठ आहे. त्या मुलांना एकेक भिंग, एकेक वही आणि दर अमावास्या-पौर्णिमेच्या ओहोटीचे दोन तास द्यावेत, आणि नोंदी करून झाल्यावर प्रत्येक धोंडा होता तसा पालथा घालायला सांगावं.